व्हॉल्वची चावी आणि तिच्या मागच्या चाव्या

पाण्याच्या वेळेला कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण काढून चावीवाला उभा राहतो, तेव्हा त्याच्या हातात लोखंडी टी असते. खाली चौकोनी खाच, वर आडवी मूठ. सहा इंची व्हॉल्व पूर्ण उघडायला साधारण वीस आटे लागतात, चार इंचीला चौदा-पंधरा. व्हॉल्व अर्धा उघडला की पाणी निम्मं येतं, असा आपला समज असतो. तसं होत नाही. बराचसा प्रवाह पहिल्या सहा-सात आट्यांतच सुरू होतो, आणि पुढचे आटे चढावरच्या आणि लाईनच्या टोकाच्या घरांसाठी असतात. म्हणून पाचच आटे सोडले तरी सखल गल्लीला फरक कळत नाही आणि वरच्या गल्लीचा नळ नुसता फुसफुसत राहतो. शिवाय असा अर्धवट उघडा ठेवलेला व्हॉल्व आतल्या बैठकीवर झिजतो. दोन-तीन वर्षांनी तो पूर्ण बंद होत नाही, आणि मग दुरुस्तीसाठी एक गल्ली बंद करायची तर अख्खा भाग बंद ठेवावा लागतो.

कोल्हापूरच्या ई वॉर्डात असो की शिवाजी पेठेत, भांडण होतं ते या माणसाशी. नगरसेवकाचा फोन त्याला, तालमीच्या पोरांचा तगादा त्यालाच. त्याच्या मागं मात्र चाव्यांचा एक जुडगा आहे आणि तो वेगवेगळ्या खिशांत आहे. काळम्मावाडीचं धरण राज्याच्या जलसंपदा खात्याचं. धरणावरच्या जॅकवेलमधले (उपसा विहिरीतले) पंप महावितरणच्या विजेवर. पुईखडीचं शुद्धीकरण महापालिकेचं. आयुक्त राज्य शासनानं नेमलेले, आणि कायद्यानं कार्यकारी अधिकार त्यांच्याकडे, महापौरांकडे नाहीत. पाणीपट्टी वाढवायचा ठराव ज्यांनी करायचा, त्यांनाच पुढच्या निवडणुकीत त्याच गल्लीत मतं मागायची असतात.

आफ्रिकेतल्या अडचणीतल्या शहरांचा अभ्यास कोल्हापुरात बसून का करायचा, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे. तिथं हा जुडगा उघड्यावर दिसतो. कुठली चावी कुणी काढून घेतली, कोणत्या साली, आणि त्यानंतर नळाचं काय झालं, हे तारखेनिशी सांगता येतं.

हरारेपासून सुरुवात करतो. झिम्बाब्वेच्या या राजधानीचं पाणी मुख्यतः चिव्हेरो तलावातून येतं. १९५२ साली मन्यामे नदीवर धरण बांधून हा तलाव केला. अडचण अशी की तलाव शहराच्या खालच्या अंगाला आहे. मुकुविसी आणि मारिम्बा या नद्या शहरातलं सांडपाणी घेऊन त्याच तलावाला मिळतात. आपल्याकडं जयंती नाल्याचं पाणी पंचगंगेत जातं आणि त्याचा त्रास खाली इचलकरंजीला होतो. २०१२ ची इचलकरंजीची कावीळ जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. हरारेत वरचं गाव आणि खालचं गाव एकच आहे. मैलाशुद्धीकरण केंद्र बंद पडलं की त्याचा परिणाम त्याच शहराच्या पिण्याच्या पाण्यात उतरतो.

रोजच्या कामात त्याचा अर्थ काय, ते बघा. साध्या नदीच्या पाण्याला तुरटी किंवा पीएसी (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड, तुरटीचंच काम करणारं रसायन) आणि क्लोरीन पुरतं. तुरटी किती टाकायची ते जार टेस्टनं ठरवतात. सहा भांड्यांत तेच कच्चं पाणी, प्रत्येकात वेगळा डोस, एक मिनिट जोरात ढवळणं, पंधरा-वीस मिनिटं हळू, मग अर्धा तास निवळू द्यायचं. ज्या भांड्यात कमीत कमी तुरटीत गढूळपणा खाली बसला, तो त्या दिवसाचा डोस. पाऊस पडला की डोस बदलतो, म्हणून पावसाळ्यात ही चाचणी दिवसातून अनेकदा करावी लागते. चिव्हेरोचं पाणी शेवाळ आणि मैलापाण्यानं इतकं भरलेलं असतं की हरारेच्या मॉर्टन जाफ्रे केंद्राला सात-आठ रसायनं वापरावी लागतात. त्यातली बरीचशी परदेशातून, परकीय चलनात. पाण्याची बिलं मात्र तेव्हा स्थानिक चलनात, आणि त्या चलनाची किंमत महिन्यामहिन्याला घसरणारी. सप्टेंबर २०१९ मध्ये हे केंद्र बंद करावं लागलं. यंत्रं होती, माणसं होती, तलावात पाणीही होतं. रसायनं आणायला डॉलर नव्हते.

आता राजकारण. २००२ मध्ये विरोधी पक्षाचे एलायस मुदझुरी थेट मतदानानं हरारेचे महापौर झाले. देशाची सत्ता दुसऱ्या पक्षाकडं. २००३ मध्ये स्थानिक स्वराज्य मंत्र्यांनी त्यांना निलंबित केलं, २००४ मध्ये बडतर्फ. कारभार नेमलेल्या आयोगाकडं गेला. २००५ मध्ये शहराचा पाणीपुरवठा महापालिकेकडून काढून झिनवा या राष्ट्रीय जलप्राधिकरणाला दिला. पाण्याची बिलं हे महापालिकेचं हमखास उत्पन्न होतं, तेही त्याबरोबर गेलं. झिनवाकडं शहरातल्या जुन्या वितरण जाळ्याची ना नीट माहिती होती, ना माणसं. गळती काढणाऱ्या फिटरला कुठला व्हॉल्व कुठं पुरलाय ते डोक्यात पाठ असतं, नकाशावर सगळं नसतं. असा माणूस गेला की जाळं आंधळं होतं.

ऑगस्ट २००८ मध्ये कॉलरा सुरू झाला. हरारेतल्या बुदिरिरो भागाला सगळ्यात मोठा फटका बसला. डिसेंबरच्या सुरुवातीला तर तुरटी संपली म्हणून शहराचं पाणीच थांबलं. साथ आटोक्यात येईपर्यंत देशभरात ९८ हजारांवर रुग्ण आणि ४,२०० हून जास्त मृत्यू झाले. अधूनमधून येणाऱ्या पाण्यात हा धोका कायमच असतो. लाईनमध्ये दाब असेपर्यंत गळतीतून पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की लाईन रिकामी होते, आत पोकळी तयार होते, आणि त्याच भेगेतून शेजारच्या गटारीचं पाणी आत ओढलं जातं. पाणी सुटल्यावर पहिली पाच मिनिटं तेच नळाला येतं. आपल्याकडं बायका पहिली घागर ओतून देतात, त्यामागं हेच कारण आहे.

२००९ मध्ये पाणी परत महापालिकेकडं आलं. तोवर पाईप, पंप आणि थकबाकी, तिन्हींची अवस्था वाईट होती. त्यात जुलै २०१३ मध्ये, निवडणूक काही दिवसांवर असताना, केंद्रीय मंत्र्यांनी आदेश काढला की फेब्रुवारी २००९ पासून जून २०१३ पर्यंतची रहिवाशांची सगळी थकबाकी माफ. माफी सरकारनं दिली, खड्डा महापालिकेच्या तिजोरीत पडला. ज्यांनी पोटाला चिमटा काढून बिलं भरली होती, त्यांना काही मिळालं नाही. पुढचं बिल आल्यावर त्यांनीही वाट बघायचं ठरवलं तर त्यांना दोष कसा द्यायचा?

आपल्याकडं थकलेल्या घरफाळ्यावर, म्हणजे मालमत्ता करावर, महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, आणि अधूनमधून शास्तीत सवलत देणारी अभय योजना येते. मूळ रक्कम माफ होत नाही, हा मोठा फरक आहे आणि तो मान्य केला पाहिजे. तरीही सवलत दरवर्षी येणार अशी खात्री पटली की मार्चपूर्वी भरणारा माणूस स्वतःला खुळा समजायला लागतो. वसुलीचे आकडे तेव्हापासूनच घसरायला लागतात.

पाणी हा रोजच्या रोकडीचा व्यवहार आहे, हे इथं आकड्यात मांडतो. एक दशलक्ष लिटर पाणी एक मीटर उचलायला कमीत कमी २.७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटरची मिळून कार्यक्षमता ७० टक्के धरली तर जवळपास ३.९. १०० एमएलडी, म्हणजे रोज १०० दशलक्ष लिटर, पाणी ५० मीटर उचलायचं तर दिवसाला साडेएकोणीस हजार युनिट. आठ रुपये दर धरा, दीड लाखाच्या वर जातं, रोजच्या रोज. वसुली थांबली म्हणून पंपाला थांबता येत नाही. म्हणून बिल थकतं, मग देखभाल थकते. ग्लँड पॅकिंग बदललं जात नाही, बेअरिंग आवाज करायला लागतं, राखीव पंप दुरुस्तीला गेलेला परत येत नाही. एक दिवस चालू पंपही बसतो आणि वर्तमानपत्रात 'अचानक बिघाड' अशी बातमी येते. असा बिघाड सहसा दोन वर्षांपूर्वीच्या अंदाजपत्रकात सुरू झालेला असतो.

युगांडातल्या कंपालाचं उदाहरण मला सगळ्यात शिकवणारं वाटतं, कारण तिथं एकाच शहरात दोन उलट निकाल दिसतात.

युगांडाचं शहरी पाणी राष्ट्रीय महामंडळाकडं आहे. १९९८ मध्ये ते तोट्यात होतं आणि निम्म्याहून जास्त पाण्याचा हिशेब लागत नव्हता. विल्यम मुहैर्वे प्रमुख झाले, १९९९ मध्ये शंभर दिवसांचा कार्यक्रम लावला. त्यातली कामं अगदी साधी होती. मुख्यालय आणि प्रत्येक शहराचा व्यवस्थापक यांच्यात लेखी करार: इतकी बिलं, इतकी वसुली, गळती इतक्या वेळात बंद. उद्दिष्ट गाठलं तर कर्मचाऱ्यांना जादा वेतन. बेकायदा जोडणी स्वतःहून दाखवली तर दंड माफ, पण त्या दिवसापासून मीटर. २००२ पासून पाण्याचा दर दरवर्षी महागाईच्या आकड्याशी बांधला. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. दरवाढीवर दरवर्षी मतदान करायची वेळच येत नाही, त्यामुळं ती पाच वर्षं तुंबून एकदम तीस टक्क्यांनी अंगावर पडतही नाही. दहा वर्षांत जोडण्या पन्नास हजारांच्या आसपासून दोन लाखांवर गेल्या. अधिकार, पैसा आणि जबाब एकाच ठिकाणी होते.

आता त्याच शहराचा कचरा. २०१० च्या कायद्यानं कंपालाचा कारभार केंद्र सरकारनं हातात घेतला. २०११ पासून राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या कार्यकारी संचालक एकीकडं, लोकांनी निवडलेले लॉर्ड मेयर एरियास लुक्वागो दुसरीकडं, आणि तेही विरोधी गटाचे. २०१३ मध्ये लुक्वागोंवर महाभियोग आणला गेला. कार्यकारी संचालक जेनिफर मुसिसी यांच्या काळात कर वसुली चांगलीच वाढली, रस्ते सुधारले, हे खरं आहे. त्याच काळात फेरीवाल्यांवर कारवाया झाल्या. २०१६ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षांना कंपालात मार बसला आणि त्यांनी त्याचा ठपका शहराच्या प्रशासनावर ठेवला. प्रशासन दोन मालकांच्या मध्ये अडकलं.

किटेझीचा कचरा डेपो १९९६ पासून चालू. तो भरला आहे हे वर्षानुवर्षं सगळ्यांना माहीत होतं. नवी जागा घ्यायची तर पैसा केंद्राचा, विरोध स्थानिक, सही तिसऱ्याची. १० ऑगस्ट २०२४ ला पावसात डोंगर घसरला, खालच्या घरांवर आला, तीसहून जास्त माणसं गेली. सप्टेंबरमध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांना काढलं. कचऱ्याचा डोंगर का घसरतो हे अभियंत्याला विचारायचीही गरज नाही. ओला-सुका एकत्र टाकला, रोलर फिरवला नाही, उतार उभा ठेवला, तळाला पाणी निघून जायला वाट नाही. पावसाचं पाणी आत मुरतं, थरांमधला दाब वाढतो, एकमेकांना धरून ठेवणारी पकड सुटते. आपल्या २०१६ च्या घनकचरा नियमांत भरावभूमीवर रोज काम संपताना किमान दहा सेंटिमीटर माती किंवा बांधकामाचा राडारोडा पसरायचा असं सांगितलं होतं. कसबा बावड्याच्या झूम कचरा प्रकल्पावरचा ढीग बघणाऱ्यानं दोन गोष्टी बघाव्यात: उताराच्या पायथ्याला काळं पाणी झिरपतंय का, आणि माथ्यावर भेगा आहेत का. दोन्ही असतील तर त्या उताराच्या खाली एकही झोपडं राहता कामा नये.

घरफाळ्याकडं येतो. सिएरा लिओनच्या फ्रीटाऊनमध्ये २०१८ मध्ये इव्हॉन अकी-सॉयर महापौर झाल्या. जुनी पद्धत घराच्या क्षेत्रफळावर. त्यामुळं टेकडीवरचा बंगला आणि तितक्याच आकाराचं पत्र्याचं घर यांच्या करात फारसा फरक पडत नव्हता. बाजारभावानं आकारणी करायची तर खरेदी-विक्रीच्या नोंदीच धड नाहीत. मग त्यांनी गुण पद्धत आणली. उपग्रह चित्रावरून छताचं क्षेत्रफळ मोजायचं. मग माणूस टॅब घेऊन रस्त्यावर उभा राहणार आणि बाहेरून दिसतं तेवढंच नोंदवणार: भिंत कशाची, छत कसलं, खिडक्या कशा, कुंपण आहे का, रस्ता पक्का आहे का. प्रत्येकाला अधिक किंवा उणे गुण. घरात शिरायचं नाही, मालकाशी चहा प्यायचा नाही, म्हणून तडजोडीला जागा कमी. नोंदवहीतल्या मालमत्ता ५७ हजारांवरून १ लाख २० हजारांवर गेल्या. लहान घरांचा कर उतरला, मोठ्यांचा कित्येक पट झाला.

मोठी घरं कुणाची असतात, हे सांगायला नको. महापौर एका पक्षाच्या, राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या पक्षाचे. २०२० मध्ये मंत्रालयानं ही वसुली थांबवायला लावली. अंमलबजावणी पुढं सरकली, पण जे वर्ष गेलं ते गेलं.

कोल्हापुरात घर आणि घरफाळा दोन्हींची नोंद आहे, तरी गळती तिथंही असते आणि तिच्या जागा ठरलेल्या आहेत. राहती म्हणून नोंद असलेल्या घरात खाली दुकान किंवा वर हॉस्टेल. वाढीव खोल्या पंधरा वर्षं नोंदवहीत नाहीत. मालक राहतो असं दाखवून भाड्यानं दिलेले गाळे. आणि कोर्टात अडकलेली मोठी थकबाकी. बाहेरून दिसतं तेच नोंदवायची फ्रीटाऊनची युक्ती यातल्या पहिल्या दोन गळतींवर लगेच चालेल. दुकानाची पाटी लपवता येत नाही.

स्वतःचं उत्पन्न नसलं की काय होतं, ते नायजेरियातल्या लागोसनं २००४ मध्ये बघितलं. लागोस राज्यानं नवे स्थानिक विभाग केले, राष्ट्राध्यक्ष ओबासांजोंनी राज्यातल्या स्थानिक संस्थांचा निधी अडवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असा निधी अडवायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही. तरी पूर्ण पैसे यायला २००७ उजाडलं. लागोस तगलं, कारण त्यानं स्वतःची कर वसुली उभी केली होती. आपली जकात गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला. २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईचं अनुदान राज्याकडून दरमहा येतं. ते पगाराला आधार देतं, आणि तिजोरीची एक चावी मुंबईत ठेवतं.

नेमलेल्या प्रशासनाबद्दल एक सांगितलंच पाहिजे. नोव्हेंबर २०२० ला आपल्या सभागृहाची मुदत संपली, आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले चालू राहिले, आणि वर्षानुवर्षं प्रशासक राहिला. हरारेसारखा सूड त्यात नव्हता, दोन्ही गोष्टी एका मापानं मोजू नयेत. त्याच काळात, २०२३ च्या दिवाळीत, काळम्मावाडीचं पाणी पुईखडीला पोहोचलं. पण ठराव आणि अंदाजपत्रक ज्यानं मांडायचं, त्यानंच मंजूर करायचं, यात प्रश्न विचारायला कुणी उरत नाही. महापौरपदाची खांडोळी करणारं, म्हणजे ते पद थोड्या थोड्या महिन्यांसाठी वाटून घेणारं, सभागृह फार सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. तरी तिथं कुणीतरी उठून 'माझ्या प्रभागात पाणी का नाही' असं विचारत होतं आणि ते इतिवृत्तात येत होतं.

आता ज्यांना हे आपल्या प्रभागात तपासायचं आहे त्यांच्यासाठी. पहिली चाचणी घरीच होते. लाईनच्या टोकाच्या नळाचं पाणी छोट्या नळीत घ्या, ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे) थेंब टाका. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवं. एकदा पाहून उपयोग नाही, पाणी सुटल्यावर लगेच आणि अर्ध्या तासानं, असं आठवडाभर लिहून ठेवा. सुरुवातीला रंग येत नाही आणि नंतर येतो, तर जवळपास कुठंतरी गटारीला लागून गळती असण्याची शक्यता आहे.

मग माहिती अधिकाराचा अर्ज, नमुना अ, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. 'पाणी का येत नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर द्यायला कायद्यानं कुणी बांधील नाही. कागद मागा. उपसा केंद्राचं पंप चालू-बंदचं लॉगबुक, ठरावीक तीस दिवसांचं. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्याच्या मीटरची नोंद आणि त्याच महिन्यात बिल झालेलं पाणी. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे गळती, चोरी आणि बंद मीटर. घरफाळ्याची मागणी, वसुली, बाकी, तीन वर्षांची, प्रभागवार. वीजबिलाची थकबाकी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचं तिकीट.

पहिल्या खेपेला बहुधा 'माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही' असं येतं. मग नवा अर्ज करून अभिलेख पाहायला मागा. पहिल्या तासाला पैसे लागत नाहीत, छायाप्रत पानाला दोन रुपये. बरोबर एक असा माणूस न्या ज्याला लॉगबुक वाचता येतं, निवृत्त पंप ऑपरेटर मिळाला तर उत्तमच. अँपिअरच्या रकान्यात दिवसभर एकच आकडा लिहिलेला दिसला की तो सांगेल, ही वही संध्याकाळी एका बैठकीत भरली आहे.